चेहरा, इसब आणि उपायांची गर्दी

किशोरवयातील चेहऱ्यावरचा इसब हा वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आता फारसा गूढ विकार राहिलेला नाही. त्वचेचा कोणता थर कमजोर असतो, खाज कशामुळे सुटते आणि कोणते मलम किती दिवस लावावे, हे गेल्या शंभर वर्षांत बऱ्याच अंशी उलगडले आहे. तरीही मुंबईच्या उपनगरांत एखादा मुलगा किंवा मुलगी त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचते, तेव्हा पुष्कळदा तिचा चेहरा मूळ आजारापेक्षा त्यावर आधीच होऊन गेलेल्या उपायांनी अधिक बिघडलेला असतो. कोपराच्या खळगीतला किंवा गुडघ्यामागचा इसब कपड्याआड राहतो आणि त्याचा इलाज घरच्यांपुरता मर्यादित राहतो. चेहरा मात्र सर्वांच्या नजरेसमोर असल्यामुळे शेजारीण, मावशी, वर्गमैत्रीण, पार्लर आणि मेडिकलचे दुकान या सर्वांकडून त्याला औषध मिळते. शरीरावरची जी त्वचा सर्वांत कमी सोसू शकते तिच्याच वाट्याला सर्वांत जास्त उपाय येतात, आणि या आजाराशी जुळवून घेण्यातली पहिली अडचण इथेच सुरू होते.

मराठीत त्वचेच्या तक्रारींसाठी शब्दांची उणीव नाही, पण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि त्यातून चुकीची ट्यूब हातात येते. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग असून त्याचे गोलसर चट्टे कडेने वाढत आणि मधोमध निवळत जातात. खरूज ही त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते आणि घरात एकाकडून दुसऱ्याला लागते. इसब मात्र कोणाकडून कोणाला लागत नाही. त्यात त्वचेचा दाह होतो, ती गोऱ्या वर्णावर लाल तर सावळ्या वर्णावर जांभळट किंवा करडी दिसते, तीव्र खाजते, कधी तिच्यातून लस येते, आणि आजार फार दिवस रेंगाळला तर ती जाड व काळपट होते. इंग्रजीतला ‘एक्झिमा’ हा शब्द ‘उकळून वर येणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. इसबाचे प्रकार अनेक असले, तरी लहानपणी सुरू होऊन किशोरवयात चेहरा, पापण्या आणि मान धरणारा प्रकार बहुधा ‘ॲटोपिक डर्माटायटिस’ हा असतो. ‘ॲटोपी’ म्हणजे दमा, सर्दी-शिंकांची ॲलर्जी आणि इसब यांकडे असलेला उपजत कल. कोका आणि कुक या अमेरिकी वैद्यांनी १९२३ साली ही संज्ञा रूढ केली आणि १९३३ साली वाइज व सुल्झबर्गर यांनी त्वचेच्या या आजाराला तिच्यावरून नाव दिले. म्हणूनच डॉक्टर मुलीच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता आजोबांना दमा होता का, आईला सकाळी उठल्यावर शिंका येतात का, असे वरवर असंबद्ध वाटणारे प्रश्न विचारतात.

या आजाराच्या जागतिक मोजणीत मुंबईच्या उपनगराचाही वाटा आहे. बालकांतील दमा व ॲलर्जी यांचा ‘आयझॅक’ या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९०च्या दशकात झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांमधून १३ ते १४ वर्षे वयाच्या ४,६३,८०१ मुलांची माहिती गोळा करण्यात आली, आणि या केंद्रांच्या यादीत मुंबई, पुणे व अकोला यांच्याबरोबर बोरिवलीचेही स्वतंत्र नाव आहे. या वयाच्या मुलांनी प्रश्नावली स्वतः भरायची होती, आणि तीत किमान सहा महिने येत-जात राहिलेले खाजरे पुरळ कधी झाले होते का, ते मान, कान किंवा डोळ्यांभोवती होते का, असे साधे प्रश्न होते. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियाच्या मानाने भारतीय केंद्रांतील इसबाचे प्रमाण बरेच कमी आढळले. ही बाब दिलासा देणारी असली तरी तिला दुसरी बाजू आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती, आणि एवढ्या लोकसंख्येत कमी टक्क्यांचाही अर्थ हजारो मुले असा होतो. शिवाय आजार विरळ असल्यामुळे तो असलेले मूल वर्गात बहुधा एकटेच असते, आणि त्याच्या बाकावर बसणाऱ्याला ‘हे मला लागेल का’ या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नसते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर समजून घेण्यासाठी विटांच्या भिंतीची उपमा शास्त्रज्ञांनी दिली आहे. मृत, चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्या मधल्या फटी भरणारे सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ हा चुना. ही भिंत आतले पाणी आत आणि बाहेरची धूळ, जंतू व रसायने बाहेर ठेवते. विटा घट्ट बांधण्याचे काम ‘फिलॅग्रिन’ नावाचे प्रथिन करते, आणि पुढे त्याचेच विघटन होऊन पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी व आयर्लंडमधील डब्लिन येथील संशोधकांनी दाखवून दिले की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील दोष इसबाचा धोका मोठ्या प्रमाणात वाढवतात. सर्वच रुग्णांमध्ये हा दोष सापडतो असे नाही, पण या शोधाने विचाराची दिशा बदलली: इसब म्हणजे ‘रक्तातली उष्णता’ बाहेर पडणे, ही घराघरांतली समजूत मागे पडून, भिंतीला पडलेल्या भेगांतून बाहेरचे जग आत शिरते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यावर गरजेपेक्षा जास्त जोराने तुटून पडते, असे चित्र पुढे आले. त्या लढाईत सुटणारी काही रसायने थेट खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतात. खाज आली की माणूस खाजवतो, खाजवल्याने भेगा रुंदावतात, आणि रुंदावलेल्या भेगांमुळे पुन्हा खाज सुटते. साध्या साबणाने चेहरा करकरीत वाटेपर्यंत धुण्याची सवय या चक्राला हातभार लावते, कारण निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी. त्वचेचा चुना तयार करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, अशा अल्कधर्मी वातावरणात नीट काम करत नाहीत.

चेहऱ्याची त्वचा मुळातच पातळ, आणि पापणीची तर सर्वांत पातळ. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषले जाते ते मोजले, तेव्हा हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळातून सुमारे ६ पट आणि जबड्याच्या भागातून सुमारे १३ पट औषध आत जाते असे दिसले. हे दोन आकडे प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यावर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत, कारण हातावर निरुपद्रवी ठरलेली ट्यूब चेहऱ्यावर तशीच निरुपद्रवी राहील, हा समज त्यांनी कायमचा खोडून काढला आहे.

त्यात वयात येण्याची भर पडते. तेराव्या-चौदाव्या वर्षी तेलग्रंथी जाग्या होतात आणि त्याच चेहऱ्यावर मुरुमे येऊ लागतात, त्यामुळे एकाच गालावर तेलकटपणा आणि कोरडेपणा शेजारी शेजारी नांदतात. मुरुमांवरची बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड वर्गातील औषधे त्वचा कोरडी करतात आणि इसब उसळवतात; उलट इसबासाठी लावलेले जाड, तेलकट मलम मुरुमे वाढवते. ‘पिंपल्सवरची क्रीम लावली आणि तोंड भाजल्यासारखे झाले’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हा दुहेरी पेच असतो, आणि तो सोडवण्यासाठी दोन्ही आजार आहेत हे डॉक्टरांना एकाच भेटीत सांगणे आवश्यक असते. आणखी एक खूण भारतीय वर्णावर विशेष उठून दिसते: दाह ओसरल्यावर गालांवर फिकट, किंचित खवल्यांचे डाग राहतात, ज्यांना बोलीत शिबे म्हणतात. पोटात जंत आहेत, कॅल्शियम कमी पडले, किंवा हे कोडाचे लक्षण आहे, अशा तिन्ही शंका घरात घेतल्या जातात. त्यांतली तिसरी, विशेषतः मुलीच्या बाबतीत, घरादाराची झोप उडवते. प्रत्यक्षात कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि ठसठशीत कडेचा असतो, तर शिबे धूसर कडेचे असतात आणि त्वचेची निगा राखल्यास काही महिन्यांत मूळ रंगात मिसळून जातात.

उपनगरातले हवामान या आजाराला वर्षभर वेगवेगळ्या रूपांत भेटते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे येतात, तेव्हा चेहरा ओढल्यासारखा होतो आणि ओठ पुन्हा पुन्हा चाटल्याने त्यांच्याभोवती लाल कडे उमटते. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये घाम हा मुख्य शत्रू असतो. बोरिवली किंवा मुलुंडहून गर्दीच्या लोकलने कॉलेज गाठणाऱ्या मुलाच्या मानेवर आणि पापण्यांवर वाळलेल्या घामाचे क्षार राहतात, तो ते कोरड्या रुमालाने घासून पुसतो, आणि त्या घासण्यानेच इसब चेतवला जातो. साध्या पाण्याने भिजवलेला मऊ सुती रुमाल टेकवून घाम टिपणे हा उपाय ऐकायला अगदी किरकोळ वाटतो, तरी उन्हाळ्यात त्याचा उपयोग मोठा होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे कोरडेपणा कमी होतो खरा, पण उशांचे अभ्रे नीट वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, गाद्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात, आणि त्वचेवर एरवीही असणारी मॅलेसेझिया नावाची यीस्ट तेलकट भागात फोफावून कपाळ, नाकाच्या कडा आणि मान यांवरचा इसब चिघळवते. यातल्या प्रत्येक ऋतूला वेगळा उपाय लागतो, त्यामुळे जानेवारीत गुणकारी ठरलेले घट्ट मलम मे महिन्यात जसेच्या तसे चालवणे चुकीचे ठरते.

पाण्याविषयी उपनगरांत बरीच चर्चा असते. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी बोअरवेलच्या आणि त्यावर भरणाऱ्या टँकरच्या पाण्याच्या मानाने मृदू असते, आणि जड पाण्यात साबणाचा थर त्वचेवर अधिक राहतो हेही खरे आहे. पण ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून २०११ साली जाहीर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा आढळला नाही. नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यावर इसब वाढला म्हणून महागडे यंत्र घेण्यापूर्वी कुटुंबाने ही गोष्ट जाणून घ्यावी. तेच पैसे वर्षभराच्या चांगल्या मॉइश्चरायझरवर खर्च झाले तर त्यांचे चीज होण्याची शक्यता जास्त आहे.

आता उपायांच्या गर्दीकडे वळावे लागेल. लिंबू, टूथपेस्ट, बेसन, मुलतानी माती, हळद-चंदनाचा लेप यांतला एकही पदार्थ भेगा पडलेल्या भिंतीवर लावण्यासारखा नाही. लिंबाचा रस फारच आम्लधर्मी असतो, बेसन आणि माती वाळताना त्वचेतला ओलावा ओढून घेतात, आणि सुगंधी उटणे नरकचतुर्दशीला अंगाला लावले तरी इसब असलेल्या चेहऱ्याला ते वगळणेच योग्य. होळीचे रंग आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल यांच्याबाबतीत, रंग टाळता येत नसेल तर आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून ठेवणे आणि नंतर रंग न घासता भरपूर पाण्याने जाऊ देणे, एवढे तरी करता येते. खोबरेल तेलाची गोष्ट जराशी वेगळी आहे. फिलिपीन्समधील चाचण्यांत कोरड्या, इसबी त्वचेवर शुद्ध खोबरेल उपयुक्त ठरले, म्हणजे आजीचा सल्ला हातापायांपुरता निराधार नाही. मुरुमे येणाऱ्या कपाळावर आणि गालांवर मात्र ते छिद्रे बुजवू शकते. मोहरीचे तेल दाहक असल्याने कुठेच नको.

काही वेळा शत्रू चेहऱ्याला लावलेल्या वस्तूत नसतोच. पापण्या सुजून खाजत असतील तर नेलपॉलिशचा संशय घ्यावा लागतो, कारण वाळत आलेल्या नखांनी दिवसभरात कितीतरी वेळा डोळे चोळले जातात आणि बोटांची जाड त्वचा जे सोसते ते पापणीची त्वचा सोसत नाही. केसांच्या काळ्या रंगातले रसायन कानशिलांवर आणि पापण्यांवर उमटते. टिकलीच्या डिंकाने कपाळावर आधी खाज येते आणि पुढे पांढरा डागही पडू शकतो. गावी गेल्यावर दरवेळी चेहरा सुजत असेल तर गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हेही कारण असू शकते. भारतात १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंद झालेल्या या तणाचे कण हवेतून येऊन उघड्या त्वचेचा दाह घडवतात. अशा संशयांची शहानिशा ‘पॅच टेस्ट’ने होते, जिच्यात संशयित पदार्थांच्या लहान चकत्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नंतर त्वचेची प्रतिक्रिया पाहतात. अन्नाच्या बाबतीत मात्र असा संशय बहुतेक वेळा अवाजवी असतो. इसब झाला की वांगे, मासे, अंडी, आंबट, आंबा अशी लांबलचक यादी बंद करण्याची पद्धत आहे, पण किशोरवयीन इसबाचे मूळ कारण अन्नात सापडणे हा अपवाद असतो, आणि वाढीच्या वयात प्रथिने तोडल्याने होणारे नुकसान मात्र खात्रीचे असते.

या सर्वांत धोकादायक गोष्ट नाक्यावरच्या दुकानात मिळते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइड वर्गातील औषधे आहेत; १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर गुणकारी असल्याचे दाखवल्यापासून या वर्गाने असंख्य रुग्णांना आराम दिला आहे. पण क्लोबेटासोल हे त्या वर्गातले अतितीव्र औषध, आणि ते चेहऱ्यासाठी बनलेलेच नाही. ते लावल्यावर दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, आणि घरात सर्वांना हायसे वाटते. ट्यूब संपताच आजार पहिल्यापेक्षा जोराने परततो, म्हणून दुसरी ट्यूब आणली जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे फोड येतात, लव वाढते, ऊन लागताच आग होते, आणि क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा लालभडक होतो. या अवस्थेला कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू यांनी २००८च्या सुमारास स्वतंत्र नाव दिले, ज्याचा अर्थ ‘स्टेरॉइडमुळे बिघडलेला किंवा स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा’ असा होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील १२ केंद्रांत झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, स्टेरॉइड मलमे वापरत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ती डॉक्टरांखेरीज इतर कोणीतरी सुचवली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. कायदा झाला असला तरी चिठ्ठी मागण्याची आणि देण्याची सवय कायद्याच्या वेगाने रुजत नाही, आणि स्टेरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक एकत्र असलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आजही अनेक घरांच्या फ्रिजच्या दारात सापडते. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसले की ती चेहऱ्याला लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे, ही खूण चौदा वर्षांच्या मुलालाही लक्षात ठेवता येते. काही बुरशीनाशकांच्या नावातही ‘सोल’ येते, पण या शंकेत विचारून घेण्याने काहीच बिघडत नाही. ज्याच्या चेहऱ्यावर अशी क्रीम महिनोन्महिने लागली आहे त्याने ती एका झटक्यात स्वतःहून बंद करणेही त्रासाचे ठरते. तीव्रता आणि वारंवारता टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची हे तज्ज्ञांनी ठरवावे लागते.

या अनुभवातून दुसरे टोकही निर्माण झाले आहे. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच काही पालक औषधच नाकारतात, आणि मूल रात्रभर खाजवत राहते. या भीतीमागे कारण आहे, पण तिची किंमत मूल मोजते. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोजक्या दिवसांसाठी आणि उसळलेल्या जागेपुरते लावले, तर ते चेहऱ्यावरही सुरक्षितपणे वापरता येते, आणि दाह लवकर आटोक्यात आणल्याने एकंदर औषध कमीच लागते. किती लावायचे यासाठी १९९१ साली लाँग आणि फिनले यांनी एक सोपे माप सुचवले: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्यापासून टोकापर्यंत, ट्यूबमधून निघालेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. संपूर्ण चेहरा व मान यांना अशी अडीच पेरे लागतात. एका गालावरच्या चट्ट्याला अर्ध्याहूनही कमी.

पापण्यांसाठी आणि वारंवार उसळणाऱ्या चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेले औषध आता हाताशी आहे. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९८४ साली मिळालेले टॅक्रोलिमस आधी अवयवरोपणात वापरले गेले, आणि २०००च्या अखेरीस त्याच्या मलमाला अमेरिकेत इसबासाठी मान्यता मिळाली. १५ वर्षांपर्यंत ०.०३ टक्के आणि त्यापुढे ०.१ टक्के असे त्याचे प्रमाण सामान्यतः वापरतात. ते त्वचा पातळ करत नाही. पहिले काही दिवस ते लावल्यावर चांगलीच आग होते, आणि हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी मुले ‘हे मला सूट होत नाही’ म्हणून ते सोडून देतात. आग आठवडाभरात कमी होते आणि मलम फ्रिजमध्ये ठेवून लावल्यास सुसह्य होते. २००६ साली अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर कर्करोगाच्या संभाव्य धोक्याची सूचना आली, पण मलमाच्या स्वरूपातील वापराबाबत त्यानंतरच्या दीर्घ निरीक्षणांनी त्या भीतीला दुजोरा दिलेला नाही. चेहरा पूर्ण शांत दिसत असतानाही, पूर्वी जिथे इसब उसळत असे तिथे आठवड्यातून दोनदा हे मलम लावत राहिल्यास पुढच्या उसळ्या लांबतात, हे चाचण्यांत दिसले आहे. दिसायला निरोगी चेहऱ्याला औषध लावणे घरच्यांना पटत नाही. पण वरून शांत दिसणाऱ्या त्या त्वचेच्या आत दाह धुमसत असतो. तीव्र आणि सर्वांगावर पसरलेल्या इसबासाठी ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शने आली आहेत; ड्युपिलुमॅबला १२ ते १७ वयोगटासाठी अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. त्यांचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

खरा भार रोजच्या साध्या क्रमावर असतो. कोमट किंवा साध्या पाण्याने, बिनवासाच्या सौम्य क्लेन्झरने दिवसातून दोनदा चेहरा धुणे, टॉवेल टेकवून पाणी टिपणे, आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावणे, एवढाच तो क्रम आहे. उन्हाळ्यात पातळ लोशन, थंडीत क्रीम, आणि उन्हात जाताना झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन. दाढी फुटू लागलेल्या मुलाने फेसाळ साबण आणि आफ्टरशेव्ह टाळून मॉइश्चरायझर लावल्यानंतर केसांच्या दिशेने हलक्या हाताने दाढी करावी; भुवया किंवा वरच्या ओठाचे थ्रेडिंग उसळी असताना पुढे ढकलावे. रात्री खाज वाढते, कारण शरीरातला नैसर्गिक कॉर्टिसोल तेव्हा कमी असतो आणि मन दुसऱ्या कशात गुंतलेले नसते. नखे कापलेली असणे, खोली हवेशीर असणे आणि खाज येताच गार पाण्याची पट्टी ठेवणे यांचा तेव्हा उपयोग होतो. खाजेवर म्हणून दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या इसबाची खाज फारशी थांबवत नाहीत. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी झोप येते, एवढाच त्यांचा लाभ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला मूल पेंगते ही त्याची किंमत.

काही लक्षणे मात्र घरी थांबून पाहण्याची नाहीत. मधासारख्या पिवळ्या खपल्या आणि पू दिसू लागणे म्हणजे स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा संसर्ग. अचानक ताप येऊन चेहऱ्यावर एकसारख्या आकाराचे, मध्ये खळगा असलेले, दुखरे फोड पसरणे म्हणजे नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि डोळ्याजवळ तो झाल्यास दृष्टीलाही धोका पोहोचतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वर्षानुवर्षे डोळे चोळण्याच्या सवयीने बुबुळाचा आकारही बदलू शकतो, म्हणून पापण्यांचा इसब असलेल्या मुलांनी नेत्रतपासणी टाळू नये. उपनगरांत जुहूचे कूपर रुग्णालय, आणि थोडे पुढे शीवचे लोकमान्य टिळक व परळचे केईएम या महापालिकेच्या शिक्षण रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, जिथे केसपेपर काढून अल्प खर्चात तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. रांग लांब असते, हे खरे. तरीही पाच ट्यूबच्या खर्चापेक्षा आणि त्यांनी होणाऱ्या हानीपेक्षा ती रांग स्वस्त पडते.

मनावरचा भार मोजण्याचाही शास्त्राने प्रयत्न केला आहे. लुइस-जोन्स आणि फिनले यांनी १९९५ साली ४ ते १६ वयाच्या मुलांसाठी दहा प्रश्नांची एक सूची तयार केली. तीत खाज किती आली याबरोबरच लाज वाटली का, मैत्रीवर परिणाम झाला का, कोणी चिडवले का, झोप मोडली का, हेही विचारले जाते, आणि उत्तरांची बेरीज करून आजाराचा जगण्यावर होणारा परिणाम आकड्यात मांडता येतो. त्वचेवरचा चट्टा लहान असूनही या सूचीतला आकडा मोठा असू शकतो, विशेषतः तो चट्टा चेहऱ्यावर असेल तर. वाढदिवसाच्या फोटोतून मागे सरकणे, गॅदरिंगला मेकअप लावावा लागेल म्हणून नाटकातून नाव मागे घेणे, उन्हात खेळायला न उतरणे, ही लक्षणे खाजेइतकीच गंभीर मानली पाहिजेत. तपासणीच्या खोलीत मात्र बहुतेक वेळा आई बोलते, वडील बिलाचे विचारतात आणि मूल खाली पाहत बसते. चेहरा ज्याचा आहे त्याला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू देण्याची पद्धत आपल्याकडे फार विरळ आहे. ती पडली पाहिजे, कारण गुपचूप लावलेली गोरेपणाची क्रीम किंवा मैत्रिणीने दिलेली ट्यूब याची कबुली बहुधा त्याच पाच मिनिटांत मिळते. लहानपणी मलम लावणारे हात आईचे असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ती सूत्रे हळूहळू मुलाच्या हाती जावी लागतात, आणि ‘लावलेस का’ असे दिवसातून चार वेळा विचारल्याने हे हस्तांतर होत नाही. कोणते मलम कशासाठी, कुठे आणि किती दिवस, हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावले तर बराचसा वाद टळतो.

दहावीच्या वर्षी या सर्वांची कसोटी लागते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा उपनगरातला कोरडा हिवाळा सरून उकाडा सुरू झालेला असतो, जागरणे वाढलेली असतात आणि ताण वाढला की इसब उसळतो, हे अनेकांनी आधीच्या चाचणी परीक्षांतही अनुभवलेले असते. अशा मुलाला जानेवारीतच एकदा डॉक्टरांना दाखवून आणणे, उसळी आलीच तर पहिल्या दिवशी काय लावायचे हे चिठ्ठीवर लिहून घेणे, आणि नवे साबण, नवी क्रीम, नवे घरगुती प्रयोग त्या दोन महिन्यांत पूर्णपणे बंद ठेवणे, एवढी तयारी पुरते. हॉल तिकिटावरचा फोटो आरशातल्या चेहऱ्याशी जुळत नसला तरी पर्यवेक्षकाला हरकत घेण्याचे कारण नाही, हेही कोणीतरी त्याला आधी सांगून ठेवावे. ही भीती मुले स्वतःहून बोलून दाखवत नाहीत.